मोडी कागद ‘लागतो’ तेव्हा नेमकं काय होतं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आजोळच्या वाड्यातल्या पेटीत तुम्हाला तीन मोडी कागद सापडले. दोन वाचकांना दाखवलेत. एकाने पहिला कागद राजाराम महाराजांच्या काळातली सनद म्हणून सांगितला, दुसऱ्याने तोच कागद सवाई माधवरावांच्या काळातला म्हणून सांगितला. मधे शंभर वर्षांचं अंतर. आता तुम्ही विचारताय की जुनं हस्ताक्षर वाचणारी माणसं नेमकं करतात काय, त्यांच्यावर विश्वास कशावरून ठेवायचा, आणि मोबाइलवर फोटो टाकून हे सगळं वाचून का मिळू नये.

तीस-बत्तीस वर्षं मी हेच काम करतो. तुम्ही पाठवलेले तिन्ही फोटो दोन संध्याकाळी बसून पाहिले. आधी तुमच्या वाचकांबद्दल सांगतो: दोघांपैकी कुणीही तुम्हाला फसवलेलं नाही. भांडण एका शब्दाचं आहे आणि तो शब्द कागदाच्या घडीत गेलाय.

पहिल्या कागदाची तारखेची ओळ बघा. वरचा डावा कोपरा कसरीने खाल्लाय, त्यामुळे शकाचा आकडा गेला. उरलंय ते ‘…मादी नाम संवत्सरे’. त्याच्या खाली ‘सु॥ अर्बा तिसैन’, मग घडीची काळी रेघ, आणि पुढे ‘व अलफ’. सु॥ म्हणजे सुरू सन, शुद्ध बोलायचं तर शुहूर सन. मराठी दफ्तरात हा सन अरबी संख्याशब्दांत लिहायची रीत होती, आणि तीही एककापासून वर. अर्बा म्हणजे चार, तिसैन म्हणजे नव्वद, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. पहिल्या वाचकाने घडीतला शब्द सोडून वाचलं: चार, नव्वद, हजार, म्हणजे १०९४. शुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो (जानेवारीपासून मृगापर्यंतचा कागद असेल तर ६००, कारण हे वर्ष मृगाला सुरू होतं). १०९४ अधिक ५९९ म्हणजे १६९३. राजाराम महाराज तेव्हा जिंजीला. दुसऱ्या वाचकाने घडीत ‘मया’ आहे असं धरलं, म्हणून ११९४, म्हणजे १७९३.

खरं कोण? फोटो मोठा करून बघितला तर घडीच्या वर शिरोरेघ अखंड चालू आहे आणि तिच्याखाली दोन अक्षरांची जागा आहे. पण जागा आहे म्हणून शब्द आहे असं मी म्हणणार नाही. म्हणून संवत्सराकडे वळायचं. संवत्सरं साठ, ठरलेल्या क्रमाने फिरणारी. राज्याभिषेकाचा शके १५९६ हा आनंद संवत्सर होता, तिथून मोजत आलं की शके १६१५, म्हणजे १६९३-९४, श्रीमुख संवत्सर येतो. श्रीमुखाच्या शेवटी ‘मादी’ कुठून येणार? शके १७१५ मात्र प्रमादी आहे. एक शंका उरते. मोडीत घाईने लिहिलेला ‘थ’ आणि ‘द’ यांत गफलत होऊ शकते आणि प्रमाथी नावाचाही संवत्सर आहे. तोही तपासला. तो शके १६८१ला येतो, दोन्ही वाचनांशी जुळत नाही. तारखेत ‘छ १२ रबिलावल’ आहे, म्हणजे रबिलावल या मुसलमानी महिन्याचा बारावा चंद्र. ती शके १७१५ मध्ये धरली तर ऑक्टोबर १७९३ येते, म्हणजे संवत्सर, सन आणि महिना तिन्ही एका जागी बसतात. तुमचा कागद सवाई माधवरावांच्या कारकिर्दीतला आहे, असं मी आता सांगतो. घडीतला शब्द मात्र माझ्या वाचनात मी ‘[मया]’ असा चौकटी कंसातच लिहीन, कारण तो मला दिसलेला नाही. तो मी हिशेबाने भरलाय आणि पुढच्या वाचकाला हे कळलं पाहिजे.

आमचं काम काय, याचं खरं उत्तर या कंसात आहे.

एक सोपी खूण सांगून ठेवतो, घरोघरी उपयोगी पडेल. शुहूर सन ११०० सुरू झाला १६९९ साली. म्हणजे शिवाजी महाराजांच्या हयातीतल्या अस्सल कागदात सुरू सनात ‘मया’ हा शब्द येऊच शकत नाही. ‘मया’ दिसला की कागद १६९९ नंतरचा, आणि ‘मयातैन’ (दोनशे) दिसला की १७९९ नंतरचा, दुसऱ्या बाजीरावाच्या वेळचा किंवा त्यानंतरचा. कितीतरी घरांत ‘महाराजांनी दिलेली सनद’ म्हणून पूजेत ठेवलेला कागद या एका शब्दाने शंभर-सव्वाशे वर्षं पुढे सरकतो. लोकांचे चेहरे उतरतात. मला त्याचं वाईट वाटतं, पण कागद काय म्हणतो तेच सांगावं लागतं.

आणि हे मी शिकलो ते माझ्या चुकीतून. वाचायला लागून तीन-चार वर्षं झाली होती. एका कुटुंबाने वतनाचा कागद आणला. शाई पुसट झालेली होती. मला ‘मया’ दिसला नाही, आणि दिसला नाही हे मी लिहिलंही नाही. सरळ १६८० च्या आसपासचं साल लिहून दिलं. त्यांनी ते कुलवृत्तांतात छापलं. सहा वर्षांनी त्याच कागदाची दुसरी प्रत माझ्याच हातात आली, आणि तीत ‘मया’ ठसठशीत होता. मी त्या घरी जाऊन सांगितलं. म्हाताऱ्या गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “तेव्हा ‘लागत नाही’ म्हणाला असतात तरी चाललं असतं.” त्या दिवसापासून मी प्रत्येक वाचनात तीन गोष्टी वेगळ्या दाखवतो. जे दिसलं ते साधं, जे अंदाजाने भरलं ते कंसात, आणि जे लागलं नाही तिथे टिंबं. किती टिंबं, तर जितक्या अक्षरांची जागा असेल तितकी.

आता मोडी अवघड का, ते. लोक म्हणतात अक्षरं वाकडी असतात. अक्षरं आठ-पंधरा दिवसांत येतात, खरी अडचण वेगळीच आहे. मोडी लिहिणारा आधी पानभर शिरोरेघा ओढून घ्यायचा आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं खाली लटकवत जायचा. त्यामुळे शब्द तुटत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, परिच्छेद नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ नाही: दिन आणि दीन, सुत आणि सूत लिहिताना एकच. अक्षराला काना लागला की अक्षराचं रूपच पालटतं. वर्गात मी फळ्यावर पहिल्या दिवशी एक ओळ लिहितो, माझीच बनवलेली: ‘पाचशेतेरामजीसदिली’. निम्मी मुलं ‘पाचशे तेरा’ असा आकडा वाचून मोकळी होतात आणि मग पुढच्या ‘मजीस’ला अडतात. ती ओळ आहे ‘पाच शेते रामजीस दिली’. सगळी अक्षरं बरोबर ओळखूनही वाचन चुकतं ते असं. अडल्यावर मुलं काय करतात ते मी बघत असतो. जो परत मागे जाऊन आपली पहिली तोड मोडतो, तो पुढे वाचक होतो. जो ‘मजी नावाचा कुणी माणूस असेल’ म्हणून पुढे रेटतो, त्याला वेळ लागतो.

म्हणून आम्ही कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सरळ वाचत जात नाही. आधी ओळखीचं शोधतो. जुन्या पत्रांचं एक सुख आहे, त्यांचा मायना आणि शेवट ठरलेला असतो. ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ एवढी ओळ सापडली की अ, ख, ड, त, ल, म, क, र, ज, न, य अशी डझनभर अक्षरं त्या लेखकाच्या हातची फुकट मिळतात. ती मी कोऱ्या कागदावर जशीच्या तशी उतरवून घेतो: हा माणूस ‘ल’ असा काढतो, याचा ‘र’ खाली शेपटी सोडतो, हा काना असा वळवतो. याला आम्ही अक्षरतक्ता म्हणतो. शेवटाकडे ‘बहुत काय लिहिणे’, ‘जाणिजे’, ‘मोर्तब सूद’ यातून आणखी सात-आठ अक्षरं. मग गावांची नावं, महिने, आकडे. हा तक्ता पंचवीस-तीस अक्षरांपर्यंत भरला की मधला मजकूर आपण होऊन उलगडायला लागतो. मोडी वाचणारे ‘कागद लागला’ म्हणतात तो हा क्षण. एखादा कागद दहा मिनिटांत लागतो, एखादा दोन दिवस घेतो. आणि एकाच कारकुनाचे शंभर कागद मिळाले तर पहिल्या पाचांना जो वेळ जातो त्यात पुढचे पन्नास होतात. म्हणून सुट्या एका कागदापेक्षा बाड वाचणं सोपं, हे ऐकून लोकांना नवल वाटतं.

मायना नुसता अक्षरांसाठी नाही. कोण कुणाला लिहितो, ते त्यात असतं. आशीर्वाद लिहिलाय की नमस्कार, दंडवत की ‘कृतानेक साष्टांग नमस्कार’, यावरून लिहिणारा वरचा की खालचा, ब्राह्मण की मराठा, आप्त की चाकर ते बरंचसं कळतं. बनावट कागदात चूक बहुधा इथेच सापडते. शाई आणि कागद जुना करता येतो, पण ज्याला ज्या पायरीचा मायना त्याला तोच लिहिण्याची सवय खोटी उतरवणं फार कठीण.

संक्षेप हे दुसरं रान. मौ। म्हणजे मौजे, पा। परगणे, ता। तर्फ, नि॥ निसबत, दि॥ दिम्मत. ‘मा।’ दिसला की थांबायचं. तो मजकूर असेल, महाल असेल, आणखीही काही असेल, आणि ते पुढच्या-मागच्यावरूनच ठरतं. आकड्यांपुढच्या दंडाचंही तसंच. १२। म्हणजे सव्वाबारा, १२॥ म्हणजे साडेबारा, १२॥। म्हणजे पावणेतेरा. हा दंड विरामचिन्ह समजून सोडला की हिशेब कधीच जुळत नाही. मी हिशेबाचा कागद वाचला की आधी बेरीज करून बघतो. बेरीज जुळली तर आकडे बरोबर वाचले, नाही जुळली तर बहुतेक वेळा चूक माझी, कारकुनाची क्वचित.

तुम्ही विचारलंत की नुसत्या वळणावरून काळ सांगता येतो का. येतो, पण ढोबळ. शिवकाळातलं मोडी जरा सुटं, उभट-गोलसर. पेशवाईत ते तिरपं, रेखीव, दाणेदार होत गेलं. चिटणिशी वळण म्हणतात ते शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या नावाने ओळखलं जातं. इंग्रजी अमदानीत बोरू गेला आणि टाक आला. बोरूची जीभ तिरकी तासलेली असते, त्यामुळे रेघ जाड-बारीक होते आणि अक्षराला अंग येतं. टाकाने सगळं एकसारखं बारीक आणि वेगवान झालं. लोकांना वाटतं जितकं जुनं तितकं अवघड. माझा अनुभव उलटा आहे. १८८० नंतरचं तलाठ्याचं किंवा कारकुनाचं टाकाचं अक्षर मला पेशवे दफ्तरातल्या कागदापेक्षा जास्त छळतं. वळणावरून मी चाळीस-पन्नास वर्षांचा पट्टा सांगतो, त्याहून बारीक नाही. कारण सोपं आहे. बाराव्या वर्षी जे वळण हाताला लागलं तेच माणूस साठाव्या वर्षी लिहितो. एकाच कचेरीत, एकाच दिवशी आजोबांचं वळण आणि नातवाचं वळण शेजारी बसलेलं असतं. नुसतं अक्षर पाहून ‘हा कागद अमुक सालचा’ असं छातीठोक सांगणारा भेटला तर जरा सावध राहा.

कागदावर हात किती, हेही बघतो. मजकूर कारकुनाचा असतो, पण शेवटची एखादी ओळ पुष्कळदा दुसऱ्या हाताची, खुद्द मालकाची. दस्तुरखुद्द म्हणतात ते हेच. दस्तूर म्हणजे हस्ताक्षर. तुमच्या पहिल्या कागदावर असा दुसरा हात मला दिसला नाही. त्याकडे शेवटी येतो.

दुसऱ्या कागदाने मला फार आनंद दिला. तुम्ही त्याला ‘फाटका तुकडा, बहुतेक निरुपयोगी’ म्हटलंय. तो महजराचा शेवटचा भाग आहे. गावात वतनाचा किंवा हद्दीचा वाद झाला की गोत बसायचं, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार सगळे, आणि निवाडा झाला की सगळ्यांच्या साक्षीने लिहिला जायचा. लिहिता न येणारा माणूस आपल्या धंद्याचं हत्यार काढायचा. तुमच्या तुकड्यावर उजवीकडे खालून तिसरं जे ‘चित्र’ तुम्ही मुलांनी काढलेलं समजलात, तो नांगर आहे. पाटलाची निशाणी. त्याच्या खाली कातर आहे, शिंप्याची. आणखी खाली चौकट आणि दांडा आहे, तो मला न्हाव्याचा आरसा वाटतो, पण तिथे कागद चुरगळलाय म्हणून प्रश्नचिन्ह घालून ठेवलंय. फोटो मोठा करून नांगराच्या रेघा बघा. रुमण्यापाशी बोरू थरथरलाय, फाळापाशी शाईचा ठिपका साचलाय. बोरू कधी हातात न धरलेल्या माणसाने जपून, थांबून थांबून काढलेली ती रेघ आहे. त्या गावच्या त्या पाटलाच्या हाताची एवढीच खूण जगात उरली असेल. मजकुराच्या फक्त साडेतीन ओळी आहेत, त्यात वाद कशाचा ते येत नाही. तरी हा तुकडा फेकू नका.

तिसरा कागद निळसर, गिरणीचा. मजकुरात शके १६९० आहे, म्हणजे १७६८-६९, थोरल्या माधवरावांचा काळ. पण तुम्ही तो खिडकीशी धरून काढलेल्या फोटोत कागदाच्या आत रोमन अक्षरं आणि १८४१ हा आकडा स्पष्ट दिसतो. हे जलचिन्ह. इंग्लंडमध्ये १७९४ च्या कायद्यानंतर कागदातच साल घालायची पद्धत पडली आणि आमच्या दृष्टीने ती फार मोठी देणगी आहे. १७६८ चा मजकूर १८४१ च्या कागदावर कसा? लगेच ‘खोटा’ म्हणू नका. १८१८ला पेशवाई गेली, कंपनी सरकारने इनामांची चौकशी आरंभली, १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला जोर आला. जमीन कशावरून खाता, दाखला दाखवा, असं घरोघर विचारलं गेलं. लोकांनी जीर्ण कागदांच्या नकला करून घेतल्या. त्यात प्रामाणिक नकला होत्या, आणि घाईने ‘जुने’ केलेले बनावट कागदही होते. तुमच्या कागदाच्या माथ्यावर बारीक अक्षरात ‘नक्कल’ लिहिलंय. बनावट करणारा स्वतःहून नक्कल लिहीत नाही. तिथी आणि वार जंत्रीवरून जुळतात का ते मी अजून बघितलेलं नाही, तेवढं करून मगच मत देईन.

शब्द कळण्याचं वेगळं ओझं असतं. अक्षर लागलं तरी ‘भोगवटा’, ‘खुर्दखत’, ‘दामदौलतहू’ याचा अर्थ लागेलच असं नाही. जुन्या मराठी कागदांत फारसी शब्द ओळीला दोन-तीन असतात. मोल्सवर्थचा कोश आणि माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश माझ्या टेबलावरून कधी हलत नाहीत. शेतीच्या कागदाला बिघे, पांड, चाहूर यांची कोष्टकं लागतात. वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चाहूर असं साधारण धरतात, पण प्रांताप्रांतात फरक, म्हणून एका तालुक्याचं माप दुसऱ्याला लावू नये.

आता विश्वासाचं. तुम्ही कुणालाही कागद वाचायला द्या, पण वाचन हातात आल्यावर एक गोष्ट बघा: त्यात टिंबं आहेत का, कंस आहेत का, प्रश्नचिन्हं आहेत का. अडीचशे वर्षांपूर्वीच्या, कसरीने खाल्लेल्या कागदाचं एकही जागा न सोडलेलं, सलग, गुळगुळीत वाचन कुणी दिलं तर मला भीती वाटते. दुसरं, ओळीला ओळ लिप्यंतर मागा, नुसता सारांश घेऊ नका. ‘यात तुमच्या पूर्वजाला जमीन दिल्याचं आहे’ हे लिप्यंतर नव्हे. ओळीला ओळ असेल तर तिसरा माणूस तपासू शकतो. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, कोतवाल बुकं यांची बाडं उघडली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. एका अक्षराच्या वाचनावर कुणाच्या तरी मुलाचा दाखला अवलंबून असतो. मागणाऱ्याला हवं ते अक्षर वाचायचा मोह अशा वेळी सगळ्यात मोठा असतो, आणि तिथेच वाचकाने घट्ट राहायचं असतं. जे आहे ते आहे, नाही ते नाही, आणि लागत नाही ते लागत नाही.

मोबाइलचं. मोडी २०१४ साली युनिकोडमध्ये आली, त्यामुळे ती संगणकावर टंकता येते. यंत्राकडून वाचून घेण्याचे प्रयत्नही चांगले चालू आहेत. आयआयटी रुडकीच्या संशोधकांनी दोन हजारांवर मोडी प्रतिमा आणि त्यांची देवनागरी लिप्यंतरं एकत्र करून असा प्रयत्न मांडला आहे. मी या गोष्टीच्या विरोधात अजिबात नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात एकोणचाळीस हजारांच्या आसपास रुमाल आहेत, रुमाल म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यातून निवडून ४५ भाग छापले, तरी तो सागरातला चुळका. माणसं कितीही शिकली तरी एवढं वाचून होणार नाही. ‘या रुमालात अमुक गावाचं नाव कुठे येतं’ एवढं जरी यंत्राने सांगितलं तरी आमची आयुष्यं वाचतील. पण आज मी जी साधनं वापरून पाहिली ती अडली की थांबत नाहीत. घडीतल्या काळ्या रेघेच्या जागीही काहीतरी शब्द घालून देतात, आणि तोही जवळपास बरोबर वाटणारा. तुमच्या कागदाबाबत ‘मया’ घातलं असतं तर योगायोगाने बरोबर आलं असतं. न घालता ओळ जोडून टाकली असती तर शंभर वर्षं चुकली असती, आणि दोन्ही वेळा उत्तर सारख्याच ठामपणे आलं असतं.

ताम्रपट आणि शिलालेख वाचणाऱ्यांचं काम आमच्याहून निराळं आहे. नाणेघाटातला सातवाहनांचा ब्राह्मी लेख वाचणारा आधी दगडाचा ठसा घेतो, टाकीचा घाव आणि दगडाची नैसर्गिक चीर यांत फरक करतो. त्या वाटेला मी गेलेलो नाही, म्हणून इथे थांबतो. एवढं मात्र सांगतो की गोव्याकडच्या घरात सापडलेला कागद मोडीसारखा दिसूनही लागत नसेल, तर तो गोंयकानडी या गोव्यातल्या जुन्या लिपीत असण्याची शक्यता आहे, त्याचे वाचक वेगळे. आणि तंजावरच्या सरस्वती महालातले मोडी कागद मराठीच आहेत, पण तिथल्या लोकांच्या मराठीची सवय कानाला करावी लागते.

तुम्ही फोटोत एका कागदाला चिकटपट्टी लावलेली दिसते. कृपा करून आणखी लावू नका आणि आहे ती ओढून काढू नका, अक्षरासकट निघेल. लॅमिनेशन तर अजिबात नको. ही शाई काजळ आणि डिंकाची, पाण्याचा थेंब पडला तरी पसरते, म्हणून ओल्या फडक्याने पुसणं नको. घडीत चमचमणारे बारीक कण दिसतील, ती शाई टिपायला टाकलेली वाळू आहे, झटकू नका. सुती धुवट कापडात सैल गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत न घालता, कोरड्या जागी ठेवा. फोटो काढताना कागद सपाट, उजेड एका बाजूने तिरपा, आणि शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे आकार कळतो.

तुमच्या मुलीला शिकायचंय म्हणालात, तिला जरूर पाठवा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ (राजवाडे आणि मेहेंदळ्यांनी १९१० साली काढलेलं) आणि राज्याचं पुराभिलेख संचालनालय वर्षानुवर्षं वर्ग घेत आलेत, काही विद्यापीठांतही आहेत. माझी एक अट मात्र असते, पहिला महिना वाचायचं नाही, लिहायचं. बोरू तासून, शाईत बुडवून, रेघ ओढून रोज एक पान. हाताला कळलं की अमुक अक्षरावरून अमुक अक्षराकडे जाताना बोरू कुठे वळतो, की डोळ्याला पुसट जागेतही तो वळसा दिसायला लागतो. नंतर विसाव्या शतकातले शाळेचे किते, मग पेशवाई, शिवकाळ सगळ्यात शेवटी.

आता पहिला कागद पुन्हा. मजकूर मला बहुतांश लागला आहे. शेवटाकडे ‘प्रतिवर्षी नूतन पत्राचा आक्षेप न करणे, या पत्राची प्रत लिहून घेऊन हे पत्र भोगवटियास परतोन देणे’ अशी ओळ आहे. म्हणजे अधिकाऱ्याने नक्कल ठेवून घ्यायची आणि मूळ पत्र जमीन खाणाऱ्याला परत द्यायचं. इनामाच्या कागदाचा हा नेहमीचा शेवट, त्यामुळे इनामाचा कागद आहे हे नक्की. तुमच्याकडे आहे ते परत दिलेलं मूळ पत्र की नक्कल, ते समोरच्या बाजूवरून मला ठरवता आलेलं नाही. शिक्का दिसत नाही, दुसरा हात दिसत नाही, हे नकलेकडे झुकतं. पण कागद दोन तुकडे जोडून लांब केलेला आहे, आणि अस्सल कागदाच्या पाठीवर अशा जोडावर शिक्का मारायची रीत होती, मधे कुणी पट्टी घालू नये म्हणून. तुम्ही पाठीचा फोटो पाठवलेला नाही. आणि आठव्या ओळीत, गावाच्या नावानंतर, ‘… … री’ अशी तीन अक्षरं आहेत. शेवटचं नक्की ‘री’ आहे. पहिली दोन मला लागलेली नाहीत, लागतील तेव्हा कळवीन. तोवर कागद उलटा करा, सकाळच्या उजेडात खिडकीशी तिरपा धरा, आणि जोडाच्या जागेचा जवळून फोटो काढून पाठवा.